दुपारी कोण भरवतं

मुलं सुकतात ती नेमकी कशानं, या अभ्यासात मी दोन वर्षं काम केलं. मी अमळनेरची, गृहविज्ञान शिकलेली. धुळ्याच्या एका डॉक्टर मॅडमना चोपड्याकडच्या गावांत घरोघरी फिरून माहिती आणणारी मुलगी हवी होती, त्यांनी मला घेतलं. माझ्या पिशवीत अकरा पानांचा फॉर्म, वजनकाटा आणि लहान मुलांच्या दंडाला गुंडाळायची तीन रंगांची पट्टी असायची. दंड हिरव्यात आला तर ठीक, पिवळ्यात आला तर काळजी, लालमध्ये आला तर लगेच उपचार.

सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर पावणेदोन वर्षांची एक मुलगी होती. तिचा दंड पिवळ्यात, पण लालला जवळजवळ टेकलेला. घरात तिचे आई-बाप आणि आजोबा. आजोबांना सगळा पाडा आबा म्हणायचा. काल मुलीनं काय काय खाल्लं, असं मी आईला विचारलं. सकाळी ज्वारीची भाकर आणि तुरीचं वरण, दुपारी तेच, संध्याकाळी खिचडी. अंगणवाडीतून मिळालेलं पोषण आहाराचं पाकीटही ती शिजवत होती. ताप नाही, जुलाब नाही. मी भराभर खुणा केल्या. फॉर्म भरून झाल्यावर वाटलं, या कागदाप्रमाणे ही मुलगी सुकायलाच नको.

मॅडमनी तो फॉर्म बाजूला काढला.

"हे सगळं ती खाते हे कोणी सांगितलं?"

"आईनं."

"आई दुपारी घरी असते?"

मी पानं चाळली. तसा प्रश्नच फॉर्ममध्ये नव्हता.

"मग परत जा, आणि दिवसभर नुसती बस. काही विचारू नकोस."

दुसऱ्या आठवड्यात मी चोपड्याला मुक्काम केला आणि पहिल्या काळीपिवळी जीपनं उजाडता उजाडता पाड्यावर पोचले. आईनं भाकरी थापल्या, वरण केलं, मुलीला चार घास भरवले. तेवढ्यात मजुरांना न्यायला पिकअप आली. खाली केळीच्या बागांत निंदणी चालू होती. नवराबायको दोघंही गाडीत चढले. घरात राहिलो आबा, मुलगी आणि मी.

आबांचा नातीवर फार जीव. ते तिला मांडीवरून खाली ठेवत नव्हते. दुपारी तिनं भुकेनं कुरकुर सुरू केली तेव्हा त्यांनी चूल पेटवली आणि चहा ठेवला, बिनदुधाचा, भरपूर साखरेचा. वरणाचं भांडं झाकलेलंच राहिलं. आबांनी भाकरीचा तुकडा चहात बुडवला, मऊ झाल्यावर बोटांनी चिवडला आणि आधी तिला भरवला. मग तसाच स्वतः खाल्ला. चार-पाच घासांत दोघांचं जेवण आटोपलं. काही विचारायचं नाही असं ठरवून आले होते, तरी राहवलं नाही.

"आबा, वरण का नाही दिलं?"

"भाकर कडक व्हयी जास, ताई. माले दात नही. मी जे खास, तेच ती खास."

वरण थंड होऊन घट्ट झालेलं असायचं, म्हणून त्यांना ते नको वाटायचं. चहा गरम असायचा. दिवस मावळेपर्यंत तीनदा चहा झाला. मधे त्यांनी माझ्या पिशवीतली पट्टी पाहिली आणि सदऱ्याची बाही वर केली. "मना बी हात मोज ना."

पट्टी लहान मुलांची होती, तरी त्यांच्या दंडाला पुरली. खूण हिरव्यात आली. "हिरवं शे?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते खूश झाले. लहान मुलाच्या मापानं म्हाताऱ्या माणसाचं काही ठरत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

संध्याकाळी आई आली आणि तिथं मी चूक केली. मला कारण सापडल्याचा आनंद झाला होता. अंगणातच, आबांच्या देखत, मी तिला सांगून टाकलं की दिवसभर मुलीच्या पोटात चहा-भाकरच जाते आणि चहानं तिची भूक मरते. ती ओट्यावर बसली.

"मनं दूध पातळ शे, आसं बठ्ठा म्हनतस," ती म्हणाली. सगळे म्हणतात म्हणून, आपल्याच दुधामुळे पोर सुकते, हे ती वर्षभर मनात धरून बसली होती. तिला रडू आलं, आणि रडताना तिचा चेहरा मोकळाही झाला. मी तिच्याकडेच पाहत होते. आबांकडे पाहायचं राहून गेलं.

आठ दिवसांनी गेले तर मुलीचं वजन आणखी उतरलेलं. आबा लांब बाभळीखाली बसले होते. अंगणवाडीताई त्याच पाड्यावरची. तिनं मला सगळं सांगितलं. आबांनी नातीला भरवणं सोडलं होतं. ती रडत त्यांच्याकडे गेली की ते उठून दुसरीकडे जायचे. दुपारी शेजारीण यायची, तिला सवड मिळाली तर.

मी आबांजवळ जाऊन बसले. "माझं बोलणं चुकलं," म्हटलं.

"आते मी तिले काहीच देस नही," ते म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही.

अंगणवाडीताईनं वेळ घालवला नाही. ती त्यांच्या घरात शिरली, वरण गरम केलं, त्यात भाकर कुस्करून पार मऊ करून वर तेल सोडलं. ताटली आणून तिनं आबांसमोर ठेवली आणि मुलीला त्यांच्या मांडीत बसवलं.

"आबा, तुमले बी तेच खानं शे," ती म्हणाली. "एक घास तिचा, एक तुमचा."

मुलीनंच ताटलीत हात घातला तेव्हा आबांनी पहिला घास केला.

पुढे आई निघताना भाकर वरणात भिजवूनच ठेवायला लागली. आबा दुपारी ते गरम करायचे. आठवड्यातून दोनदा अंडं. चहा आबांनी सोडला नाही, पण तो जेवणानंतर, आणि एकट्यापुरता. चार महिन्यांनी मुलीचा दंड हिरव्यात आला. आबांच्या गालांवरही थोडं मांस दिसायला लागलं होतं, पण ते कुठल्या फॉर्ममध्ये लिहायची सोय नव्हती.

मॅडमनी फॉर्ममध्ये एक ओळ वाढवली: दुपारी मुलाला कोण भरवतं? ती ओळ घेऊन मी पुन्हा सगळ्या घरांत फिरले. आजी, काकू, शेजारीण, अशी उत्तरं मिळाली. त्या प्रत्येक घरी करण्यासारखं काहीतरी निघालं. काही घरांत आईनं "कोणीच नाही" असं सांगितलं. त्या घरांसाठी काय करायचं, हे अभ्यास संपला तेव्हाही आम्हाला नीट माहीत नव्हतं.