कुळाचं घर

फुशारकी मारली नसती, तर हा प्रवास झालाच नसता. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी परळच्या एका गिरणीत कारकून, राहायला लालबागच्या चाळीत. गिरगावातल्या एका सभेत वसंताशी ओळख झाली. तो घरांचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत होता, बोलणं एकदम शुद्ध. त्याच्यापुढे आपण कमी दिसू नये म्हणून एकदा मी ठोकून दिलं, "देवगडकडे आमचा वाडा आहे. दुमजली, दगडी."

"मग दाखव की! मला जुनी घरं पाहायचीच आहेत."

आली का पंचाईत! वर्षभर टाळलं. शेवटी मे महिन्यात त्यानेच तिकिटं काढली.

तुमच्यापैकी कुणी तिकडे निघणार असेल तर आता सोपं आहे. रेल्वेने कणकवली, पुढे एसटी. आम्ही भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गेलो. वरच्या वर्गाचं भाडं परवडत नव्हतं, म्हणून डेकवर चटई पसरली. वसंताला बोट लागली. मी त्याला लिंबू चोखायला देत होतो आणि मनात म्हणत होतो, बाबा रे, आजारी पड आणि रत्नागिरीहूनच परत चल. कसला मित्र मी! देवगडला बोट लांब खोल पाण्यातच थांबायची. होडीत उतरायचं, मग चपला हातात घेऊन पाण्यातून किनारा गाठायचा. पुढे दोन तास चाल. वाटेवर करवंदं हवी तेवढी, त्यामुळे तहान कळत नाही.

घर दिसलं आणि माझे कान तापले. बसकं, मातीच्या भिंतींचं, नळीच्या कौलांचं छप्पर डोक्याला लागेल इतकं खाली आलेलं. दारात माझा चुलतभाऊ, दादा, पंचा नेसून उभा. हातात पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा. वडील गेल्यापासून घरात माझा अर्धा हिस्सा होता, पण ते राखत होता दादा.

वसंता म्हणाला, "हाच का तो वाडा?"

"छे छे! हे आमच्या कुळाचं घर," मी म्हणालो. कूळ म्हणजे आमची जमीन कसणारा, असं मला म्हणायचं होतं. कूळ कायद्याची चर्चा तेव्हा सगळीकडे होती, वसंताला ते बरोब्बर कळलं. "आमचा वाडा पलीकडच्या वाडीत. सध्या बंद असतो."

दादाने पुढचं ऐकलंच नाही. त्याचा चेहरा खुलला. "होय तर! कुळाचांच घर ह्यां. सात पिढ्यो हयसर जल्मल्यो."

त्याने ऐकलं आमचं कुळ, आमचं घराणं. मी त्याच्या हातून तांब्या घेतला आणि पाणी प्यायलो. वहिनीने कुळथाची पिठी, भात आणि तळलेला बांगडा वाढला. वसंता बोटं चाटत होता, मी भात नुसता चिवडत होतो.

दुसऱ्या दिवशी वसंता घर पाहून वेडाच झाला. "अरे, फणसाचे खांब आणि एक खिळा नाही! सगळं खुंट्यांवर. आणि छप्पर खाली का? समुद्राचा वारा वरून निघून जावा म्हणून. आमच्या कचेरीतल्या एकालाही हे सुचायचं नाही. हे घर जपायला हवं, कळलं का?" ज्याची लाज वाटली, त्याचंच हे कौतुक! दादा मापाच्या टेपचं एक टोक धरून त्याच्यामागे हौसेने फिरत होता. तेवढ्यात वसंताने सहज विचारलं, "तुम्ही किती वर्षं कूळ आहात यांच्याकडे?"

दादाच्या हातातली टेप सैल पडली. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं.

"आमच्या धाकट्याक इचारा," तो म्हणाला. "तो सांगात."

धाकट्याक म्हटल्यावर वसंतालाही कळलं. तो मान खाली घालून रेघा ओढत राहिला. मला धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

निघताना दादा बंदरापर्यंत आला, डोक्यावर आमच्यासाठी फणस घेऊन. मी कसंबसं म्हटलं, "दादा, चुकलो रे."

"घराक काय लागाचा नाय," तो म्हणाला. "माका लागला." आणि फणस होडीत ठेवून वळला.

लालबागला परतलो त्याच आठवड्यात मोर्चा होता. "मुंबई कुणाची?" म्हणून पुढून आरोळी आली. "आमची!" म्हणताना माझा आवाजच फुटेना. शेजारच्याला वाटलं, ओरडून घसा बसला असेल.

वसंताने घराचा तो नकाशा पुरा करून दादाला पाठवला. तो अजून ओटीवर काचेत आहे आणि खांबही तसेच आहेत. दादाची नातवंडं आता पाहुण्यांना जेवणासकट खोली देतात, आधी कळवून जा. घराचे फोटो पाहून लोक मला विचारतात, "आजोबा, घर तुमचंच ना?" नाही. त्याच वर्षी मी माझ्या हिश्शाचं हक्कसोडपत्र दादाच्या नावे करून दिलं. चाळीत जो तो म्हणाला, केवढं मोठं मन! मी ते ऐकून घेतलं, एकदा नव्हे, अनेकदा. खरं कारण कुणालाच सांगितलं नाही. त्या घराला आमचं म्हणायची मला लाज वाटली, आणि मग म्हणायची लायकीच राहिली नाही. आज हे लिहितोय, तर वाचायला दादा नाही.