पाच जणांत एक विमान

आमचं विमान रविवारी फार तर दोन तास हवेत असतं आणि आम्ही सात-आठ तास जमिनीवर. वारा पडायची वाट बघायची, ढग हटायची वाट बघायची, आपला नंबर यायची वाट बघायची. आता इतका वेळ पत्र्याच्या शेडखाली एकच थर्मास घेऊन माणसं बसली, तर किस्से होणार नाहीत तर काय होणार? वही केली होती मी लिहून ठेवायला. ती पेडणेकरांनी शेगडी पेटवायला वापरली. म्हणून आता आठवतील तसे सांगते.

आधी ओळख. मी ठाकुर्लीची, माझं चष्म्याचं दुकान आहे आणि क्लबची सेक्रेटरी मीच, कारण बाकी कुणी फोन उचलत नाही. प्रधान सर आमचे गुरू. ठाण्याचे, सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर विमानं उडवलेले, आणि बोलणं असं की 'चहा झाला का' हेसुद्धा ऑर्डर वाटावी. सुहास खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक. पेडणेकर बँकेत लोनच्या टेबलावर. पाचवा मेंबर दुबईला असतो आणि तिथून ग्रुपवर अंगठे पाठवतो. पाच जणांत मिळून एक दोन सीटचं विमान. मायक्रोलाइट म्हणतात त्याला. रिक्षाला पंख फुटले तर जेवढं होईल, साधारण तेवढंच.

आणि ज्या गवताच्या पट्टीवरून आम्ही उडतो ती आमची नाही. शहाडवरून गाडीने तासभर आत गेलं की लागते. ती धर्माबाबांच्या मालकीची. बाबा ऐंशीच्या घरातले, त्यांनी ही जमीन आम्हाला वर्षावर्षाच्या कराराने दिलेली. ती आहे म्हणून क्लब आहे. ती गेली की विमान विकायचं आणि रविवारी घरी बसून कांदेपोहे खायचे, इतकं सरळ आहे ते.

*

विमान आलं त्या दिवशी पेडणेकरांनी हट्टाने पूजा ठेवली. गावातले भटजी आले. त्यांनी आतापर्यंत ट्रॅक्टर, टेम्पो आणि एक जेसीबी एवढ्यांची पूजा केलेली. नारळ विमानाजवळ फोडायचा नाही, यावरून सरांचं आणि त्यांचं अर्धा तास वाजलं. शेवटी नारळ पार कुंपणाशी फुटला. मग लिंबं. भटजींनी चार काढली, चाकं मोजली, एक परत पिशवीत टाकलं.

"हं, आता सावकाश पुढे घ्या."

आम्ही ढकललं. तीन लिंबं चिरडली.

"आता थोडी रिव्हर्स."

सर म्हणाले, "विमानाला रिव्हर्स गिअर नसतो."

भटजी गंभीर झाले. "मग चुकून पुढे गेलं तर?"

शेवटी आम्ही चौघं आणि बाबांचा मुलगा सदानंद, असे पाच जण पुढच्या बाजूला गेलो आणि घाम गाळत विमान मागे लोटलं. भटजी अक्षता टाकायचे थांबून आमच्याकडे बघत राहिले.

"सेकंडहँड घेतलीत का हो? बघून घ्यायची ना! पहिल्या दिवसापासूनच ढकलताय!"

*

लहान विमानात वजनाला फार महत्त्व. दोन माणसं, सामान आणि पेट्रोल यांची बेरीज ठरलेल्या आकड्याच्या वर गेली की सर विमानाला हात लावू देत नाहीत. म्हणून शेडमध्ये किराणा दुकानातून आणलेला एक जुना वजनकाटा आहे. जो बसणार, तो आधी काट्यावर चढणार. मग तो कोणी का असेना.

एकदा पेडणेकर वहिनी आल्या. खास फोटोसाठी नवा ड्रेस, गॉगल, स्कार्फ. काटा बघितल्यावर त्यांचा चेहराच पडला.

"सगळ्यांसमोर?"

"वहिनी, नियम आहे," मी म्हटलं.

"मग सगळ्यांनी तिकडे तोंड करा. आणि आकडा मोठ्याने वाचायचा नाही!"

आम्ही मुकाट्याने डोंगराकडे तोंडं केली. पेडणेकरांनी तर डोळेही मिटले. सरांनी आकडा बघितला, वहीत लिहिला, वही बंद केली. सज्जन माणूस! वहिनी खूश झाल्या.

मग सर वळले आणि अख्ख्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सुहास, टाकीतलं दहा लिटर पेट्रोल काढ."

*

पेडणेकरांचाच अजून एक. ते विमान शिकत होते तेव्हा रेडिओची त्यांना भारी धास्ती. तसे ते बँकेत दिवसभर बोलतात, पण बटण दाबून बोलायचं म्हटलं की अडखळायचे. सर दर रविवारी बजावायचे, "रेडिओवर गप्पा मारायच्या नाहीत. कोण, कुठे आणि काय हवंय. तीन गोष्टी. संपलं."

ते पहिल्यांदा एकटे वर गेले, त्या दिवशी सर शेडमध्ये सेट घेऊन बसलेले. दहा मिनिटं झाली, वीस झाली, काही आवाज नाही. सरांनी पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. आणि मग खरखर झाली.

"नमस्कार सर. विजय पेडणेकर बोलतोय. डोंबिवली पूर्व."

सर ओरडले, "पेडणेकर, पत्ता नकोय! आत्ता कुठे आहात ते सांगा!"

पुन्हा खरखर. मग अगदी नम्रपणे उत्तर आलं.

"आत्ता घरी नाहीये सर."

*

माझ्यावरचाही सांगते, नाहीतर म्हणाल सेक्रेटरी दुसऱ्यांचेच सांगते.

मी पहिल्यांदा एकटीने विमान उडवून उतरवलं, तेव्हा तोंडावरचं हसू जात नव्हतं. पंचेचाळिसाव्या वर्षी असा आनंद होतो हे मला माहीतच नव्हतं. सगळ्यात आधी घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला. त्यांना माझं हे प्रकरण पहिल्यापासून नामंजूर. 'चष्मेवालीने चष्मे विकावेत' असं त्यांचं मत.

"आई, मी आज एकटीने विमान उडवलं!"

पलीकडे कुकरची शिट्टी. मग,

"खाली आलं का?"

"हो आई, मस्त आलं!"

"आणि तू?"

*

गावातली क्रिकेटची टीम आमची पट्टी स्वतःचीच समजते. त्यात त्यांचं चूकही नाही, अख्ख्या पंचक्रोशीत इतकं सपाट मैदान दुसरं नाही. ठरलेलं असं, की विमान आलं की त्यांनी बाजूला व्हायचं.

एका रविवारी सुहास वर गेलेला आणि खाली शेजारच्या गावाबरोबर फायनल. सुहास परत आला, तर पट्टीवर फिल्डिंग लागलेली आणि कोणी हलायला तयार नाही. बोलिंगला धर्माबाबांचा सदानंद. मी धावत गेले.

"अरे, विमान उतरायचंय!"

"मॅडम, लास्ट ओवर! सहा रन पायजेत त्यांना! प्लीज!"

मी हात हलवत परत शेडकडे. सरांनी रेडिओवर विचारलं, "सुहास, पेट्रोल किती आहे?"

"भरपूर आहे सर. का?"

"वरच फिरत राहा."

"किती वेळ?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी बोटं दाखवली.

"सहा बॉल."

सुहास गोल फिरत राहिला. दर फेरीला रेडिओ. "सर, आता?" "चार राहिले." "आता?" "तीन." "आता तर झाले असतील!"

"नाही. सदाने वाइड टाकला."

"काय करतोय यार तो!" वरून सुहासचं. "यॉर्कर टाक म्हणावं त्याला!"

आणि आमचे शिस्तीचे प्रधान सर, सेट हातात घेऊन सीमारेषेपर्यंत गेले आणि ओरडले, "सदानंद! सुहास म्हणतोय, यॉर्कर टाक!"

दांडी उडाली, शेवटची विकेट! विमान उतरलं तेव्हा दोन्ही टीम टाळ्या वाजवत होत्या, आणि कशासाठी ते आजतागायत ठरलेलं नाही.

*

आता शेवटचा. हा मी दरवेळी शेवटीच सांगते.

गेल्या वर्षीपासून सदानंदच्या मनात जमीन विकायचं आलेलं. त्यालाही दोष नाही. रस्त्याच्या कडेने टॉवर उभे राहत राहत आमच्या कुंपणाच्या जवळ आलेले. पोरांची शिक्षणं, घराचं काम, सगळं त्याच्या डोक्यात. एका बिल्डरचा माणूस दर आठवड्याला यायचा. पांढरे बूट, हातात फाईल. आम्ही दर रविवारी कुंपणाच्या वळणावर गाडी हळू करून आधी बघायचो, जेसीबी तर उभा नाही ना.

आणि मग तो रविवार आला. सदाने आदल्या दिवशी फोन करून सांगितलेलं, "मॅडम, उद्या बाबा सही करतील. तुम्हाला आधी कळवलेलं बरं." खोटं कशाला बोलू, मी रात्रभर झोपले नाही. सकाळी शेडमध्ये गेले तर सुहास स्वच्छ असलेलं विमान पुन्हा पुसत बसलेला.

कागद आमच्याच प्लास्टिकच्या टेबलावर मांडले. बाबा धुतलेलं धोतर, पांढरी टोपी घालून आले. पेन हातात घेतलं आणि थांबले.

"प्रधान सायेब, इतकी वर्सं तुमी माझ्या शेतावरनं उडताव. मना कवा बसवलं नाय. देयाच्या आधी येकदा वरनं बघू द्या ना माझी जमीन."

बिल्डरचा माणूस तर खूश. "बघा ना बाबा, बघा! वरून प्लॉट एकदम मस्त दिसतो!"

सर स्वतः उडवायला बसले. बाबांना आम्ही आधी काट्यावर चढवलं, मग पट्टा लावला. टोपी त्यांनी काढून मांडीखाली घेतली. विमान उठलं, नदीच्या बाजूला वळलं, लहान होत गेलं. सदा कपाळावर हात धरून बघत होता. त्याचाही जीव वर टांगलेला.

पंधरा मिनिटांनी मी रेडिओवर विचारलं, "सर, बाबा ठीक आहेत ना?"

"ठीक आहेत. बोलत काहीच नाहीत. मान वळवून वळवून खाली बघतायत."

निरोप घेतायत जमिनीचा, मला वाटलं. पेडणेकरांनी तर रुमाल काढला.

विमान उतरलं. बाबा सुहासच्या खांद्याचा आधार घेऊन खाली आले, टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि खुर्चीत बसले. तांब्याभर पाणी प्यायले. सदाने हळूच पेन पुढे केलं.

"बाबा, बघितलीत ना जमीन?"

"बघितली."

"कशी वाटली?"

"जमीन कसली बघतो? मी वर व्हतो तवर येकच बघत व्हतो, यो सायेब मना उतरवील कुठं. हिकडं बिल्डिंग, तिकडं बिल्डिंग. नदीत पानी. उतराला जागा म्हनून दिसली ती येवढीच." त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि ते सदाच्या खिशात खोवलं. "ही इकली त या लोकांनी उतराचं कुठं?"

बिल्डरच्या माणसाला राहवलं नाही. फाईल सावरत, हसत हसत तो म्हणाला, "अहो बाबा, त्यांचं काय एवढं घेऊन बसलात? बघतील ते दुसरी जागा!"

बाबांनी त्याच्याकडे वरपासून पांढऱ्या बुटांपर्यंत एकदा बघितलं आणि विमानाकडे बोट केलं.

"मंग तू बस वर. दुसरी दिसली की तितंच उतर."