साहेबांचे कागद आंब्याच्या पेटीत

वाचनालयाच्या या फलकासमोर रोज घोळका करणाऱ्या मंडळींनो, आजचा पेपर जरा बाजूला ठेवा आणि हे वाचा.

पालीचे आपले साहेब, म्हणजे माजी राज्यपाल, गेले. त्यांच्या खासगी कागदांची दोन कपाटं आपण इथे लावून ठेवलीत, ती तुम्ही पाहिलीच आहेत. राहिली होती फक्त घरची ट्रंक. राजभवन सोडताना ती त्यांनी स्वतः बरोबर आणली होती. आज सकाळच्या एसटीने ती आणायला गेलो.

ट्रंक रिकामी!

त्यांच्या भावजय, म्हणजे सगळ्या पालीच्या काकू, ओटीवर हापूसच्या पेट्या भरत होत्या. म्हणाल्या, "काल ट्रक दारात येऊन उभा, नि रद्दी संपलेली. मग भावोजींचे कागद घातले पेंढ्यावर. चांगले जाड होते हो!"

मी तसाच मागे फिरलो. बाजारपेठेत धावलो, मुंबईच्या दलालाला ट्रंककॉल लावला. कितीतरी वेळाने लागला.

"पेट्या सकाळीच विकल्या," तो खुशीत म्हणाला. "माल एक नंबर होता."

परत येऊन काकूंना सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "भावोजी असते तर हेच म्हणाले असते, आंबा डागाळता कामा नये."

खरंच म्हणाले असते. मग भांडू कुणाशी?

मुंबईत तुमची माणसं आहेत. आजच कार्ड टाका, पेटीतला कागद फेकू नका म्हणावं. पण खरं सांगा, पेटी उघडल्यावर तुमच्यापैकी कुणी आजवर कागदाकडे बघितलंय?