सामसनभाऊंची एका माणसाची टीम

डायबेटिसचं एक बरं आहे. ह्या दुखण्यात खायला मनाई असते, बोलायला नसते! त्यामुळे इस्रायलमधल्या आमच्या अश्दोदच्या वॉकिंग ग्रुपकडे किस्से एवढे साठलेत, की लग्नात जेवणाआधी तर सांगावे लागतातच, पण मयताच्या घरीसुद्धा कुणीतरी कोपरानं ढोसतं आणि हळूच म्हणतं, "रूबी, तो कबुतरांचा सांग ना."

मी रूबी. मूळची ठाण्याची. इथे बंदरावरच्या कँटीनमध्ये नोकरी केली, आता रिटायर. आमच्या गल्लीत निम्मी माणसं आमचीच, मुंबई-ठाणे-अलिबागहून आलेली मराठी ज्यू. आणि सगळ्यांच्या रक्तात साखर!

*

रशियातून विमानंच्या विमानं भरून माणसं येत होती, त्या वर्षांतली गोष्ट. आमच्या दवाखान्यात लुदमिला नावाची नवी नर्स आली. उंच, गोरी, आवाज पोलीस कमिशनरचा. तिचं हिब्रू रशियन होतं, आमचं हिब्रू मराठी होतं, त्यामुळे एकमेकांचं छान कळायचं.

तिनं आम्हाला सगळ्यांना गोळा केलं आणि फर्मान काढलं, "रोज संध्याकाळी समुद्रावर चालायचं. सगळ्यांनी मिळून. आणि तुमच्यातला एक लीडर पाहिजे."

झालं! सगळे एकदम बोलायला लागले. कुणाला संध्याकाळ नको होती, कुणाला समुद्र नको होता, बाकीच्यांना चालणंच नको होतं.

तेवढ्यात कर्कश्श शिट्टी वाजली.

दवाखाना चिडीचूप! शेजारच्या खोलीत इंजेक्शनला रडणारं पोरसुद्धा थांबलं. बघतो तर आमचे सामसनभाऊ, शिट्टी तोंडात धरून उभे. सामसनभाऊ म्हणजे मुंबईत मालगाडीचे गार्ड होते. नोकरी सोडली, देश सोडला, शिट्टी काही सोडली नाही.

लुदमिलानं त्यांच्याकडे बोट केलं. "तू! मनहिग!"

मनहिग म्हणजे हिब्रूत लीडर. पण सामसनभाऊंच्या बायकोला, सोफीला, कमी ऐकू येतं. ती म्हणाली, "मनात हिंग? ह्यांच्या मनात काय आहे ते मला विचारा. हिंग नाही, गूळ आहे!"

*

पहिल्याच दिवशी लीडरनं भाषण ठोकलं. समुद्राच्या वाऱ्यात, हात मागे बांधून. "डिसिप्लिन! गोड म्हणजे विष! जिभेला लगाम घाला! माझ्याकडे बघून शिका!"

भाषण संपलं, शिट्टी झाली, आम्ही निघालो. सामसनभाऊ पुढे, आम्ही मागे. थोडं चालल्यावर मला वाटलं, आज कबुतरं फारच माणसाळलीयेत. एक आलं, चार आली, मग थवाच आला. आमच्याकडे ढुंकून बघत नव्हती. सगळी सामसनभाऊंच्या मागे, मान हलवत, टुकूटुकू!

एझ्रा नावाचे एक आहेत आमच्यात. फार बोलत नाहीत, पण बोलले की झोंबतं. ते वाकले, रस्त्यावरचं काहीतरी उचललं आणि वास घेतला.

पोहे! गुळाचे, नारळ घातलेले. आदल्या दिवशी कुणाकडे तरी मलिदा होता. नवस फेडून झाल्यावर वाटतात ते गोड पोहे लीडरनं पँटच्या खिशात भरून आणले होते, आणि खिशाला होतं भोक!

एझ्रा म्हणाले, "सामसन, चालू दे. तुझ्या मागे कुणीतरी मनापासून येतंय!"

*

त्यानंतर सामसनभाऊंनी पुढे चालणं सोडलं. म्हणाले, "गार्डची जागा शेवटच्या डब्यात असते. मी मागून लक्ष ठेवतो."

आम्ही म्हटलं, बरं. शिट्टी व्हायची, आम्ही निघायचो, बंदराच्या बाजूच्या टोकाला पोचायचो. आणि दर वेळी सामसनभाऊ तिथे आमच्या आधी हजर! घाम नाही, धाप नाही, वर मनगटावरचं घड्याळ दाखवून म्हणायचे, "लेट आलात!"

आम्ही चकितच झालो. ह्या वयात, एवढ्या पोटासकट, हा माणूस आम्हाला गाठतो कधी आणि ओलांडतो कधी?

एकदा सिग्नलला आम्ही थांबलो होतो. शेजारी बस येऊन उभी राहिली. खिडकीत सामसनभाऊ! आमची नजरानजर झाली. त्यांनी शांतपणे पेपर उघडून तोंडासमोर धरला.

पेपर रशियन होता!

सोफी लाजली नाही की रागावली नाही. "जन्मभर गाडीतून फिरले गं ते," ती म्हणाली. "पायी जायचं म्हटलं की त्यांना ड्यूटीवर नसल्यासारखं वाटतं."

*

पण पोटाला काही फसवता येत नाही. सामसनभाऊंच्या पित्ताशयात खडे झाले. कळ आली की भिंतीला धरून उभे राहायचे, ओठ पांढरे व्हायचे. ऑपरेशन करायचं ठरलं. त्याआधी लुदमिलानं साखर तपासायला बोलावलं.

सामसनभाऊ दोन दिवस काकडी खाऊन, एकदम पवित्र होऊन गेले. लुदमिलानं रक्त घेतलं आणि म्हणाली, "ही नवी टेस्ट आहे. आजचं नाही सांगत. गेल्या तीन महिन्यांचं सांगते."

सामसनभाऊ खुर्चीतून उठलेच. "ही टेस्ट आहे की सी.आय.डी.?"

रिपोर्ट आला. आख्ख्या ग्रुपमध्ये लीडर पहिला!

मग सर्जन. तरुण पोरगा, पायात सँडल, शर्टाची वरची बटणं उघडी. त्यानं रिपोर्ट वाचला आणि बाजूला ठेवला. "एवढ्या साखरेवर मी चाकू लावणार नाही. जखम भरायची नाही. साखर खाली आण, मग ये."

सामसनभाऊ ताठ बसले. "डॉक्टर, मी साधा पेशंट नाही. मी डायबेटिस ग्रुपचा लीडर आहे."

"असं? ग्रुप कसा आहे?"

"ग्रुप फर्स्ट क्लास! सगळ्यांची साखर उतरली!"

"मग ग्रुपला पाठव," डॉक्टर म्हणाला, "त्यांचं ऑपरेशन करतो!"

हे सांगताना सोफीला आधी हसू आलं, मग हसू गेलं. म्हणाली, "रूबी, परत येताना बसमध्ये एक शब्द बोलले नाहीत. माझी पर्स मांडीवर घेऊन बसून राहिले. बडबड करतात तेव्हा मला त्यांची काळजी नसते गं. आता वाटते."

*

त्यांची नात शिरा तेव्हा आर्मीत होती. तिच्या हाताखाली पोरांची एक तुकडी होती. शुक्रवारी दुपारी सुट्टीवर घरी आली, खांद्यावर बंदूक, बुटांना माती, आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकली.

आजोबा फ्रिजसमोर उभे. दार उघडं. आत सोफीनं शनिवारच्या शब्बाथसाठी केलेल्या नारळाच्या वड्या. आणि आजोबा हुकूम सोडताहेत, "मागे हो! हात खाली! मागे हो म्हणतो ना!"

शिरानं हिब्रूत विचारलं, "सबा, कुणाशी बोलतोस?" सबा म्हणजे आजोबा. त्या पोरीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिब्रूतच देते.

सामसनभाऊ मराठीत म्हणाले, "माझ्या टीमशी."

"किती जण आहेत?"

"एकच आहे. पण फार डांबिस!"

पोरीनं बंदूक नीट ठेवली, फ्रिज लावून टाकला आणि त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली. सामसनभाऊंनी विचारलं, "तुझी पोरं ऐकतात का गं तुझं?"

"आम्ही 'पुढे जा' असं म्हणतच नाही, सबा. आम्ही 'अहराय' म्हणतो. माझ्या मागून या. मग आपणच पहिलं जावं लागतं."

"आणि दमलं तर?"

"दमतेच मी. त्यांना फक्त पाठ दिसते. तोंड कुठे दिसतं?"

*

रविवारी संध्याकाळी सामसनभाऊ सगळ्यांत पुढे येऊन उभे राहिले आणि शिट्टीऐवजी ओरडले, "अहराय!"

ओरडले ते एवढ्या जोरात, की रस्त्यावरचे दोन सोल्जर वळून बघायला लागले. आम्ही जोशात निघालो. पहिल्या बाकापर्यंत लीडर पुढे होता. दुसऱ्या बाकाला आमच्यात होता. तिसऱ्याच्या पुढे वळून बघितलं तर दिसेना.

आम्ही टोकाला जाऊन परत निघालो तेव्हा समोरून आला. कपाळावर घाम, शर्ट भिजलेला, चेहरा बिटासारखा. बाजूनं बस गेली, तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

एझ्रा म्हणाले, "काय रे, तू लीडर आहेस की शेपूट?"

"गप चाल," सामसनभाऊ धापा टाकत म्हणाले. "इंजिन सध्या स्वतःलाच ओढतंय. त्याला तुझा डबा जोडू नकोस!"

आम्ही हसलो. पण त्या दिवशी कुणी घरी गेलं नाही. ते टोकाला जाऊन परत येईपर्यंत सगळे बाकावर बसून राहिलो. आले तेव्हा कुणी टाळ्या-बिळ्या वाजवल्या नाहीत. सोफीनं फक्त पाण्याची बाटली पुढे केली.

*

आमचं ज्यू लोकांचं नवं वर्ष आलं. आमच्याकडे नव्या वर्षाला हलवा होतोच, आणि सोफीचा हलवा म्हणजे नारळाच्या दुधात तासन्‌तास घोटलेला, थाळीत थापला की आरशासारखा चमकणारा. सामसनभाऊंची खरी परीक्षा!

त्यांनी काय केलं? थाळी घरात ठेवलीच नाही! सकाळीच वड्या पाडल्या आणि सगळ्या ग्रुपला घरोघर वाटून आले. माझ्या दारात डबा ठेवून म्हणाले, "घे रूबीबाय. माझ्या नजरेसमोरून ने."

मी नेला. नजरेसमोरून नेला आणि थेट पोटात घातला! एझ्रांनीही तेच केलं, सगळ्यांनी तेच केलं.

सुट्ट्या संपल्यावर लुदमिलानं सगळ्यांना तपासलं. आमचे आकडे बघून डोळे वटारले, सामसनभाऊंचा आकडा बघून चष्मा पुसला, पुन्हा बघितला आणि कपाळाला हात लावला.

"कसला मनहिग आहे हा! स्वतः उतरला आणि ग्रुपला चढवलं!"

सामसनभाऊ एवढे खूश मी त्याआधी कधी बघितले नव्हते. तो कागद घडी करून खिशात घातला. हा खिसा सोफीनं शिवलेला होता.

*

आणि मग ऑपरेशन. त्याच सँडलवाल्या डॉक्टरनं केलं, छान पार पडलं. दुसऱ्या दिवशी सोफी आणि मी सूप घेऊन हॉस्पिटलात गेलो.

लिफ्टचं दार उघडलं आणि आम्ही दोघी आतच उभ्या राहिलो.

कॉरिडॉरमधून मिरवणूक येत होती! सगळ्यांत पुढे सामसनभाऊ. अंगात हॉस्पिटलचा झगा, हातात सलाइनचा स्टँड, पाऊल हळू पण ठाम. त्यांच्या मागे एक मोरोक्कोचे आजोबा, त्यांचाही स्टँड. त्यांच्या मागे दोन रशियन. त्यांच्या मागे रामल्याचे एक अरब चाचा, पोटावर उशी धरून. सगळ्यांत शेवटी एक जाडे गृहस्थ, वॉकर ढकलत. चाकांचा नुसता कुईकुई आवाज! कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

वॉर्डची नर्स धावत आमच्याकडे आली. "हा तुमचा माणूस का?"

सोफी घाबरली. "काय केलं त्यांनी?"

"दोन दिवस ह्या लोकांच्या विनवण्या करतेय मी, उठा, चाला, नाहीतर छातीत कफ साठेल. एकानं पलंग सोडला नाही! काल संध्याकाळी हा आला, आज सकाळी उठून चालायला लागला. आता तो उठला की आख्खा वॉर्ड उठतो!"

"त्यांनी काही सांगितलं का सगळ्यांना?" मी विचारलं. "भाषण वगैरे?"

"भाषण कसलं? ऑपरेशनमध्ये घशात नळी होती, त्याचा आवाजच बसलाय. सकाळपासून एक शब्द बोललेला नाही."

तेवढ्यात सामसनभाऊंनी आम्हाला बघितलं. चेहरा कसनुसा झालेला, कपाळावर घाम. ते थांबले. मागे मोरोक्कोचे आजोबा थांबले, रशियन थांबले, चाचा थांबले, वॉकर थांबला. सामसनभाऊ दोन पावलं चालले. सगळे दोन पावलं चालले.

त्यांनी बोटानं मला जवळ बोलावलं. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला. आवाज कुठला, नुसती हवा येत होती.

"रूबीबाय," ते म्हणाले, "ह्यांना मोठ्यानं हिब्रूत सांग गं… ह्या वेळी मी संडासला चाललोय!"