कापलेला काठ

"पलीकडचं कायले पाहिजे? तेवढं कापून टाकलं मी," काका शेजारच्या मास्तरांना सांगत होते.

मी मंदिराच्या पायऱ्या चढून सभामंडपात येत होते. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, आमच्या मोहल्ल्याच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष. स्टुलावर उभे राहून ते मी काढलेला मोहल्ल्याचा नकाशा भिंतीला लावत होते. मास्तरांनी खालून फ्रेम धरली होती. भजनाला आलेल्या बायका चटईवर बसल्या होत्या, त्यांच्यात माझी आईही. फ्रेम नवी होती, काच पुसलेली होती आणि नकाशाची खालची पट्टी गायब होती.

त्या पट्टीत नदीपलीकडचं सावरगाव होतं.

थंडीभर मी तो नकाशा काढत होते. लोक बघत असताना मला उभं राहून काही काढता येत नाही, म्हणून दुकानात जायच्या निमित्ताने गल्ल्या बघून यायचे आणि घरी येऊन टाक शाईत बुडवायचे. भिंतींना आडव्या रेघा, टिनाच्या छपरांना तिरप्या. संत्र्याच्या पेट्या भरतात ते शेड, पिठाची चक्की, मंदिर. दुपारी जिथे सावली असते तिथे रेघांवर उलट्या रेघा. पिंपळाखाली इतक्या मारल्या की कागद खरवडला गेला.

जाम नदीत मात्र एकही रेघ नव्हती. शाईच्या नकाशात मी पाणी काढत नाही. दोन्ही काठांवरच्या रेघा पाण्याकडे विरळ करत आणायच्या आणि मधला कागद कोरा सोडायचा. ती कोरी जागा म्हणजे नदी. एक काठ काढून टाकला की उरतो नुसता रिकामा कागद.

दुसऱ्या काठावर, कडुलिंबामागे, आईचं माहेर आहे. मामीने कपडे वाळत घातले की आमच्या गच्चीवरून दिसतात. नदी आटली की आई भाजीचा डबा घेऊन पात्रातूनच पलीकडे जाते. मी लहानपणापासून त्या घरात दुपारी झोपत आले आहे. माझा मोहल्ला काढायचा तर ते घर सोडून कसा काढायचा, हे मला अजूनही कळत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते; दोन्ही काठांवरचे लोक एकमेकांवर दगड मारतात. काका या काठावर, मामा त्या काठावर. सकाळी गमछा बांधून निघताना काका दरवर्षी विचारतात, "वहिनी, आज तुम्ही कोणाकडून?" घरातले सगळे हसतात. आईही हसते. तिचं उत्तर ऐकायला कोणी थांबत नाही. मग ती नदीकडची खिडकी लावून घेते आणि दिवसभर कशालाच हात लावत नाही. संध्याकाळी मामा येऊन आमच्याच ओट्यावर काकांबरोबर चहा पितात. दगडांचा विषय कोणी काढत नाही. कप आईने विसळायचे.

"पाह्य, कसा दिसून राहिला!" मला बघून काका म्हणाले. "तुझी सही ठेवली मी, नाई कापली."

जणू मी आभार मानायचे होते.

"पण नदी कुठं आहे याच्यात?" मास्तरांनी विचारलं.

"हे काय, पांढरं." काकांनी फ्रेमच्या कडेला बोट लावलं. "नदीपर्यंत आपला मोहल्ला. खतम."

घराबाहेर मी मराठीत एक वाक्य बोलले तरी कोणीतरी म्हणतं, "मॅडम बोलल्या." मी इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यामुळे माझा रागही आधी इंग्रजीत येतो, आणि त्याची मराठी होईपर्यंत लोक दुसऱ्या विषयावर गेलेले असतात. आतापर्यंत मला ते सोयीचं वाटत आलं होतं.

काकांनी दुसरा खिळा काढायला खिशातून कागदाची पुडी काढली. खिळा घेतला आणि कागद खाली टाकला. त्याच्यावरच्या रेघा मी लांबून ओळखल्या. माझा कापलेला काठ होता तो. त्यात खिळे बांधून आणले होते.

आई उठली. तिने कागद उचलला, परत बसून मांडीवर तळहाताने सपाट केला. खिळ्याच्या टोकाने कडुलिंबाला भोक पडलं होतं.

"त्या काठचे कोण येऊन राहिले इथं पाहायले, वहिनी?" काका वरूनच म्हणाले. दोन-तीन बायका हसल्या.

आई गोटमारीच्या सकाळी हसते तशीच हसली. मग मला हळूच म्हणाली, "जाऊ दे वो बाई. आपल्याले माहीत आहे ना घर कुठं आहे ते."

काकांपेक्षा मला त्या हसण्याचा जास्त राग आला. किती वर्षं तिने ते हसू घडी घालून जवळ ठेवलं होतं, आणि मीही तेच शिकत होते. मी तिच्या हातातून कागद घेतला आणि स्टुलापाशी गेले. काकांनी हातोडी उचलली होती.

"काका, फ्रेम खाली घ्या," मी म्हणाले. "माझ्या आईचं घर जोडल्याशिवाय हा नकाशा इथं लागणार नाही."