जाळीवरचा हार

मंडळी, आजच घडलंय, म्हणून लगेच लिहितेय.

दादाची गाडी घोडबंदर रोडला ट्रकवर मागून आदळली, त्यात तो गेला. तेव्हापासून मी गाडी काढली की आईचा जीव वर-खाली होतो. म्हणून आमच्या गाडीला बाहेरच्या फिटरकडून अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल बसवून घेतलं. पुढची गाडी जवळ आली की आपली आपोआप हळू होते. त्याचं रडार पुढच्या जाळीत असतं. फिटरने बजावलं होतं, "इसके सामने कुछ लगाना मत, मॅडम."

आईला ते सांगायचं राहून गेलं. आज सकाळी तिने गाडीची पूजा केली आणि जाळीवर चमकीचा जाड हार बांधला. मलाही तेव्हा फिटरचं बोलणं आठवलं नाही, नमस्कार करून निघाले.

घोडबंदरला पुढच्या टेम्पोने ब्रेक मारला. माझी गाडी हळू झालीच नाही. कसाबसा पाय ब्रेकवर गेला. उतरून बघितलं, तर रडार हाराखाली पुरतं झाकलेलं. हार तिथेच काढून टाकला.

घरी आल्यावर आईने विचारलं, "हार कुठाय गं?"

"पडला वाटेत."

ती लगेच उठली. सुई-दोरा काढून नवा ओवायला बसली.

अजून ओवतेय. कोणत्या तोंडाने सांगू तिला? तुम्ही सांगितलं असतं?