मालेगावच्या अलीकडचं वळण

हे मी वहिनीला सांगितलेलं नाही, बायकोला नाही. दादाच्या फोटोसमोर एकटा बसलो असतानाही ओठांवर आणलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित — जमेल. बघतो.

दादा एसटीचा ड्रायव्हर. वाशीम जिल्ह्यातल्या मेडशी-मालेगाव रस्त्यावर त्याची निम्मी नोकरी गेली. साखरेच्या आजारानं उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला आणि स्टिअरिंग सुटलं. घरी बसून त्याला कॉम्प्युटरवरचा बस चालवायचा एक खेळ सापडला. पायाऐवजी बोटानं ब्रेक. मी हसलो होतो — मनातल्या मनात, पण हसलोच. मी कॉलेजात ग्रंथपाल. एवढ्या वयाच्या माणसानं खेळत बसावं, याची मला लाज वाटायची.

पण तो नुसता खेळत नव्हता. अशा खेळांत आपल्याला बाहेरून भर घालता येते, तिला मॉड म्हणतात. दादानं त्यातला परदेशी मुलूख हळूहळू पुसून काढला आणि आपला घातला. लाल बस आली, सोयाबीन आलं, तुरीच्या ओळी आल्या. वहिनी मालेगावात जाऊन दुकानांचे फोटो काढून आणायची, तो ते भिंतींना चिकटवायचा. मग माणसं आली. चहावाला सदाभाऊ, शेजारच्या काकू, काकूंची शेळी — शेळीलाही सीट! आणि खिडकीशी आमची आई, कधीच वारलेली, पदर सावरून बसलेली.

जुन्या मशीनला एवढं कसं झेपणार? मालेगावच्या अलीकडचं वळण आलं की चित्र अडखळायचं, मग थिजायचं. पुढचं स्टँड त्यानं स्वतः उभं केलं होतं, पण तिथे त्याची बस कधी पोचलीच नाही. त्याला एवढंच हवं होतं — एकदा बस स्टँडात लावायची.

आता माझ्याकडे यायला हवं. किती वेळ टाळणार?

बसमध्ये मी नव्हतो. दर रविवारी मी मेडशीला दादाकडे जायचो, त्याच्या मागे उभा राहून पडदा बघायचो, आणि स्वतःला शोधायचो. एकदा विचारलंच.

"हायेस न पुस्तक्या," तो हसला. "तुही जागा धरून ठेवली हाय. मशीन दमदार होऊ दे, दिसन."

मी वाकून पाहिलं. ड्रायव्हरच्या मागची सीट रिकामी होती. नवं सामान बसवायला मशीन वाशीमला नेणारा मीच, म्हणून मला आमिष दाखवतो आहे — असं मला वाटलं. शेळीला सीट आणि सख्ख्या भावाला थाप?

नेलं मी मशीन. वाशीमच्या दुकानदाराला दादाच्या अडलेल्या बसचं सांगितलं. त्यानं कॅबिनेट उघडलं, आत बॅटरी मारली. "बसते न सर. ग्राफिक्स कार्ड, रॅम, अन पॉवर सप्लाय बदला. मख्खन चालन." पैशांची अडचण नव्हती. घाई नव्हती. मी कॅबिनेट बंद करायला सांगितलं, परतीच्या बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो, आणि दादाच्या घरी येऊन म्हणालो — बोर्ड जुना आहे दादा, नवीन कार्ड यात बसतच नाही.

हे ते. एवढंच वाक्य.

त्यानं दुसऱ्या दुकानात विचारून बघ म्हटलं असतं, तर? पण तो म्हणाला, "बरं." पुस्तकं वाचणारा भाऊ सांगतो म्हणजे खरंच असणार — असा तो माणूस.

मग त्यानं खेळ हलका करायला घेतला. पुढच्या रविवारी गेलो तर शेळी नव्हती. मग काकू गेल्या. "सदाभाऊले मेडशीलेच उतरवलं," तो सांगायचा, "लय वजन होते त्याचं." त्या विनोदावर मीही हसायचो. मालेगावची दुकानं गेली, तुरीच्या ओळी गेल्या. प्रत्येक रविवारी मला बोलता आलं असतं. प्रत्येक रविवारी मी चहा प्यायलो. शेवटी बसमध्ये फक्त आई उरली, आणि तरीही ती त्या वळणाच्या पुढे जाईना.

पोळ्यानंतर दादा गेला. हृदयानं दगा दिला.

तेरवी आटोपल्यावर वहिनी म्हणाली, "भाऊजी, त्यायची बस एकदा तरी स्टँडात लागू द्या. काही जमते का पाहा न." मी मशीन उचललं. दुकान तेच. दुकानदारानं सामान बसवलं, स्क्रू आवळता आवळता विचारलं, "मंग सर, भाऊची बस मालेगावात गेली का?" मी पाकीट काढून पैसे मोजायला लागलो.

घरी वहिनीच खुर्चीत बसली. खेळातलं तिला सगळं माहीत होतं. "हे म्हणत, मशीन आली का सारी सेटिंग वर कराची, मंग बारीक सामानबी दिसते." तिनं ती वर केली. रस्त्यावर धूळ दिसली. आईच्या लुगड्याचा काठ दिसला. आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर — एक निळी पिशवी.

माझी. कॉलेजात शिकत असताना मालेगाव स्टँडवर ही गर्दी! लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे. माझी पुस्तकांची निळी पिशवी मात्र दादा स्वतः खिडकीतून घ्यायचा आणि आपल्या मागच्या सीटवर ठेवायचा. ड्रायव्हरनं धरलेली जागा कोण हलवणार?

सगळ्यांना उतरवताना त्यानं ती उचलली नव्हती. कधीच न दिसणारी पिशवी. तिचंही वजन होतंच ना?

मी वाकून पुन्हा त्या सीटकडे पाहिलं.

वहिनी बस चालवत होती, सावकाश, तो चालवायचा तशी. वळण आलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा बस स्टँडात उभी होती.

"लागली," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "भाऊजी, तवा तो दुकानदार कार्ड बसत नाही काहून म्हणे?"

आता तरी?

"तवा निघालं नसन तसलं कार्ड, वहिनी," मी म्हणालो.

तिनं पदरानं डोळे पुसले. "असन. त्यायचं नशीब."

मी ते नशिबावर जाऊ दिलं.